प्रत न ठेवण्याचे कलम

माझ्या पत्नीने उतारवयात स्तोत्रपठणाची कामे कंत्राटाने स्वीकारली आणि त्या कामांची कागदोपत्री बाजू मी सांभाळली. पठण तिचे, करारनामे, नोंदणीचे फॉर्म, बीजके, पत्रव्यवहार आणि ध्वनिमुद्रणांची रवानगी माझी. सहा वर्षे आमचे असे चालले. ती गेल्यावर त्या कागदांतलेच एक कलम माझ्या हातून अक्षरशः पाळले गेले. त्याचा वृत्तान्त मी येथे लिहीत आहे, कारण तोंडी सांगू लागलो की मुलगी उठून आत जाते.

तिचे उच्चार तिच्या वडिलांनी घडवलेले होते. ते याज्ञिक होते आणि विसर्ग गिळणाऱ्या माणसाच्या घरचे पाणीसुद्धा त्यांना कष्टाने उतरत असे. लग्न होऊन ती रत्नागिरीला आली तेव्हा मी शाळेत संस्कृत शिकवू लागलो होतो. माझ्याजवळ व्याकरण होते, तिच्याजवळ कंठ. दुपारी पडवीत ती आळीतल्या मुलींना स्तोत्रे शिकवी. त्यांपैकी एक मुलगी पुढे पुण्यास गेली. मोबाईलवर स्तोत्रे ऐकवणाऱ्या एका कंपनीत तिची कुणी ओळखीची होती. तेथून एक दिवस फोन आला. बोलणारी तरुणी त्या कंपनीची समन्वयक होती. पहिल्याच वाक्यात तिने मला काका केले आणि दुसऱ्या वाक्यात विचारले, "काकूंचं ऑफिशियल काम कोण बघतं?"

मी पत्नीकडे पाहिले. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सांगा, मॅनेजर आहेत म्हणावं. पेन्शनीत निघालेले."

अकरा पृष्ठांचा इंग्रजी करार आला. शास्त्रग्रंथ जसा लावावा तसा तो मी लावला. पेन्सिल, कोश आणि वही घेऊन बसलो. कर्ता कोण, क्रिया कोणती, अट कशाशी जोडलेली, हे प्रत्येक वाक्यात शोधले. 'स्वतंत्र कंत्राटदार' या पदाला त्यात पुन्हा पुन्हा स्थान होते, म्हणजे पगारी नोकर नव्हे. आठ दिवसांनी मराठी भाषांतर पुरे झाले आणि दिवेलागणीनंतर मी तिला ते वाचून दाखवले.

"स्वतंत्र म्हणजे मी?" तिने विचारले.

"कराराच्या भाषेत, हो."

"चाळीस वर्षं संसार केल्यावर कुणीतरी म्हणालं एकदाचं. पुढे वाचा."

पुढे नववे कलम होते. पठणाचे सर्व हक्क कंपनीकडे कायमचे जातील. काम स्वीकारले गेले, अथवा करार कोणत्याही कारणाने संपुष्टात आला, तर पठण करणाराने कच्च्या मुद्रणांसह सर्व प्रती पुन्हा मिळवता येणार नाहीत अशा रीतीने नष्ट कराव्यात आणि तसे लेखी प्रमाणपत्र द्यावे. एखाद्या व्यवहारी माणसाला हे जाचक वाटले असते. मला ते उदात्त वाटले, हे आज मान्य करतो. आपल्याकडे दान देताना उदक सोडतात ते एवढ्याचसाठी की त्या वस्तूवरचा हात निघावा. दिलेल्यातील अंशही मागे ठेवला तर त्याला दत्तापहार म्हणतात आणि तो दोष मोठा मानला आहे. मी तिला म्हटले की या परक्या भाषेतल्या कागदात कुणीतरी नकळत आपलाच धर्म लिहिला आहे.

"म्हणजे माझा आवाज माझा नाही राहायचा?"

"आवाज तुझाच. जे म्हणशील ते त्यांचं."

"मग काही हरकत नाही. देवाचं म्हटलेलं माझं होतं कधी?"

सही मोबाईलवर आलेल्या आकड्यांनी करायची होती. तिने चष्मा पुसला, सहा आकडे एकेक करून घातले आणि शेवटचे बटण दाबण्यापूर्वी देवघराकडे पाहून हात जोडले. ती सही तिची होती. पुढे जे घडले त्यात या गोष्टीला फार महत्त्व आहे.

मुद्रणासाठी आम्ही कोठीची खोली घेतली. जांभ्या दगडाच्या भिंतींवर गोधड्या टांगल्या, खिडकीला चटई लावली. पूजा आटोपल्यावर दहा ते बारा ही वेळ. पंखा बंद ठेवावा लागे, त्यामुळे चैत्र-वैशाखात ती पदराने वारा घेत घेत म्हणे आणि पदराची फडफड मुद्रणात येते म्हणून मी खूण करून तोही थांबवीत असे. साडेदहाला मासेवाली आळीतून जाई. तिची हाक चार घरे आधीच ऐकू येई आणि पत्नी मध्येच थांबून म्हणे, "जाऊ दे तिला, मग घेते." हंगामात शेजारी आंब्याच्या पेट्या ठोकू लागले की तो दिवस फुकट जाई. ती चिडत नसे. "त्यांचंही काम कंत्राटाचंच आहे," म्हणे.

यानंतरचे काम माझे. कानांवर हेडफोन चढवून मी एकेक मुद्रण शुद्ध करीत असे. श्लोकांच्या मधले सारे काढायचे: मासेवालीची हाक, खोकला, पाण्याचा घोट आणि तिचे बोलणे. ती फार बोले. "अहो, हा चरण परत घेते, जीभ जड झाली." "अहो, झोपलात की काय?" "त्या आमसुलांना ऊन दाखवलंत का?" संगणकाच्या पडद्यावर आवाज डोंगररांगेसारखा दिसतो. तिच्या बोलण्याचे लहान लहान डोंगर मला नजरेनेच ओळखू येऊ लागले होते. मी ते खुणावीत असे, कापीत असे आणि दोन श्लोकांमध्ये नियमाप्रमाणे दोन सेकंदांची शांतता घालीत असे.

पहिले काम स्वीकारल्याचे पत्र आले त्या दिवशी मी सर्व प्रती नष्ट केल्या. नुसते पुसून भागत नाही, पुसलेल्या जागेवर दुसरे काहीतरी पुन्हा पुन्हा लिहावे लागते, हे मी शिकून घेतले होते. नंतर प्रमाणपत्र लिहिले, स्नान केले आणि देवापुढे तुळशीपत्रावर पळीभर उदक सोडले. ती दारात उभी राहून पाहत होती. म्हणाली, "कंपनीला सोडताय की मला?"

दोन दिवसांनी समन्वयक तरुणीचा फोन आला. "काका, हे काय पाठवलंत?"

"नवव्या कलमान्वये प्रमाणपत्र."

"आजपर्यंत कुणीच पाठवलेलं नाही हो. आम्ही मागतही नाही." ती मनापासून हसत होती. "लीगलला दाखवते. फ्रेम करून लावतील."

मला त्या वेळी अभिमान वाटला. तो फोन मी पत्नीलाही ऐकवला होता. ती म्हणाली, "यांचं असंच आहे गो बाई. शाळेतला उरलेला खडूसुद्धा परत नेऊन देत."

अशी पाच कामे झाली. पाच वेळा मी प्रती नष्ट केल्या, पाच वेळा प्रमाणपत्र गेले. सहावे काम मोठे होते, एकवीस अध्यायांचा पारायणाचा ग्रंथ. ते तिने स्वतः मागून घेतले. सातव्या अध्यायापर्यंत सर्व सुरळीत झाले आणि ते सातही अध्याय मी शुद्ध करून पाठवले. आठव्यापासून तिचा श्वास अपुरा पडू लागला. एका दमात जाणारा श्लोक दोन दमांत जाऊ लागला. डॉक्टरांनी हृदयविकाराचे निदान केले. मी काम थांबवू म्हटले, तर तिने मलाच विचारले, "करारात मुदत कितीची आहे?" मी सांगितली. "मग रोज थोडं थोडं घेऊ." अकरावा अध्याय संपला त्याच्या चौथ्या दिवशी तिला रुग्णालयात न्यावे लागले आणि तेथून ती परत आली नाही.

आठ ते अकरा हे चार अध्याय माझ्या संगणकात कच्चेच राहिले होते. पहिल्या सातांच्या शुद्ध प्रतीच तेवढ्या उरल्या होत्या, पण या चारांत मी काहीही कापलेले नव्हते.

करारात असेही होते की काम पूर्ण करणे अशक्य झाल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावे. तेराव्याचे गोडजेवण झाले, मंडळी गेली. चौदाव्या दिवशी सकाळी मी कंपनीला पत्र लिहिले. मुलगी तेव्हा घरी होती. तिचे सासर सावर्ड्याला, नोकरी तेथल्याच शाळेत. तिने पत्र वाचले आणि विचारले, "बाबा, आज लिहायलाच हवं का हे?"

"उद्या पंधरावा दिवस."

ते पत्र मी लिहिले नसते तर कुणी कित्येक महिने विचारलेही नसते, हे मला नंतर कळले.

समन्वयक तरुणीने लगेच फोन केला. ती रडत होती आणि मीच तिची समजूत काढली. पण आठवड्याभरात विधी विभागाचे औपचारिक पत्र आले. करार संपुष्टात आला आहे. अपूर्ण ग्रंथ वापरता येत नसल्याने नव्या कंठाकडून तो मुळापासून म्हणवून घेतला जाईल. आलेले सात अध्याय कंपनीनेही काढून टाकले आहेत. तरी आपण आपल्याकडील सर्व प्रती तीस दिवसांच्या आत नष्ट करून नवव्या कलमान्वये प्रमाणपत्र पाठवावे.

मी त्या तरुणीला फोन केला.

"काका, ते पत्र आपोआप जातं. सगळ्यांना एकच मजकूर," ती म्हणाली. "तुम्ही सही करून पाठवून द्या आणि फाईल राहू द्यात."

"म्हणजे नष्ट केल्या असं लिहायचं?"

"हो."

"आणि ठेवायच्या?"

"काका, कुणी बघायला येतंय का रत्नागिरीला?"

"तू मला हे लिहून देशील?"

"असं लिहून कसं देता येईल काका? लीगलला विचारावं लागेल."

मी विधी विभागाला अर्ज लिहिला. एक प्रत केवळ खासगी श्रवणासाठी ठेवण्याची अनुमती मिळावी. ती प्रसिद्ध केली जाणार नाही, कुणास दिली जाणार नाही. माझ्या मृत्यूनंतर मुलीने ती नष्ट करावी असे मी लिहून ठेवीन. उत्तर आले नाही. बाराव्या दिवशी स्मरणपत्र पाठवले. बाविसाव्या दिवशी दुसरे, आणि त्यात मुदतवाढीचीही विनंती केली. तरुणी म्हणाली, "होईल काका, पण वेळ लागतो त्यांना. तुम्ही तारखेचं मनावर घेऊ नका."

मुलगी दर रविवारी एसटीने येत होती. तिने स्पष्टच विचारले, "तीस दिवस उलटले तर काय होईल? धरून नेतील तुम्हाला?"

"काही होणार नाही."

"मग?"

"सही तुझ्या आईची आहे."

"आई नाही आता."

"म्हणूनच," मी म्हणालो. "तिने दिलेला शब्द आता तिला स्वतःला पाळता येणार नाही. मी मोडला तर तिचा मोडेल."

तिने पर्स उचलली. मग म्हणाली, "तुमच्याशी बोलायला बसलं की माणूस हरतोच." आणि बसची वेळ झाली म्हणून निघाली. माझा स्वतःचा शब्द असता तर मी मोडला असता का, हे मला सांगता येत नाही. त्या दिवसांत असा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही, एवढे मात्र खरे.

ती मुद्रणे मी ऐकतही नव्हतो. कामापुरताच त्यांचा उपयोग करावा असे करारात होते आणि काम तर संपले होते. तिसाव्या दिवशी सकाळी ई-पत्रे पाहिली. उत्तर नव्हते. दुपारी पुन्हा पाहिली. कार्यालये बंद होण्याच्या वेळेपर्यंत पाहत राहिलो. नष्ट करावयाच्या वस्तूची खात्री करून घेणे आवश्यक असते, असे कारण मनाशी धरून मी शेवटी अकरावा अध्याय उघडला आणि हेडफोन लावले.

पहिले काही श्लोक नेहमीसारखे. नंतर एक श्लोक अर्ध्यावर थांबला. दम घेण्याचा आवाज. मग तिचा साधा, घरातला आवाज.

"दूध ठेवलं होतं. गॅस बंद केलात ना?"

लांबून, खोलीच्या कोपऱ्यातून, माझा आवाज. "केला."

"खोटं बोलताय. वास येतोय."

खुर्ची सरकल्याचा आवाज, माझी धावती पावले, आणि दार लोटल्यावर ती एकटीच हसते आहे. हसण्यात दम लागतो आहे, तरी हसते आहे. मग देवाला उद्देशून, मला ऐकू जाऊ नये अशा बेताने, "याला सांभाळ रे. याला काही म्हणता काही येत नाही." त्यानंतर घसा साफ करून तिने तोच श्लोक पहिल्यापासून घेतला. मी परत येऊन बसलो होतो आणि मला यातले काहीही ठाऊक नव्हते. एरवी मी हे दुसऱ्या दिवशी कापले असते.

मी ते एकदाच ऐकले. दुसऱ्यांदा ऐकले असते तर पुढचे माझ्या हातून झाले नसते, हे समजण्याइतका मी शहाणा होतो. पहिल्या सातांच्या शुद्ध प्रती आणि हे चारही अध्याय ठरल्या रीतीने नष्ट केले. त्यास वीस-पंचवीस मिनिटे लागली. प्रमाणपत्र लिहिले, पाठवले. उदकासाठी पळी मात्र उचलली नाही. ते दान नव्हते, हे त्या क्षणी मला कळले.

तेहतिसाव्या दिवशी विधी विभागाचे उत्तर आले. दोनच ओळी होत्या. आपल्या विनंतीनुसार खासगी श्रवणासाठी एक प्रत ठेवण्यास हरकत नाही. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.

मागोमाग तरुणीचा फोन. "काका, झालं काम! मी मागेच लागले होते त्यांच्या. ठेवा आता हवं तितकं."

"बाळ, प्रमाणपत्र तिसाव्या दिवशीच पाठवलं."

"कसलं प्रमाणपत्र?" आणि मग, अगदी हळू, "मी ते उघडलंच नव्हतं. मला वाटलं, तुम्ही नुसतंच… मी म्हटलं होतं ना काका, राहू द्यात म्हणून."

तिचा दोष काहीच नाही, हे मी तिला सांगितले. त्या पत्राचे उत्तरही मी त्याच दिवशी लिहिले. अनुमतीबद्दल आभार मानले आणि ती आता अनावश्यक झाल्याचे कळवले.

त्या रविवारी मुलीला सांगावे लागले. ती चहा करीत होती. तिने ऐकून घेतले, गॅस बंद केला आणि ओट्याला धरून उभी राहिली.

"पुसलंत तुम्ही आईला," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मागच्या रविवारी मी पेनड्राइव्ह आणला होता, बाबा. पर्समध्ये होता. तुम्ही दुपारी पडला होतात तेव्हा संगणकही सुरू केला."

"मग?"

"मग काय? तुम्ही विचारलं असतंत, की तू प्रत केलीस का, तर मला खोटं बोलता आलं नसतं. येतच नाही मला. तुम्ही शिकवलंच नाहीत." ती हसल्यासारखे करू लागली आणि ते हसू झाले नाही. "बंद केला आणि परत गेले."

आम्ही दोघांनी संगणक पिशवीत घालून मिरजोळ्याला नेला. तेथे औद्योगिक वसाहतीत दुरुस्तीचे दुकान आहे. दुकानदाराने दोन तास खटपट केली. पुसलेल्या जागेवर पुन्हा पुन्हा लिहिलेले पाहून तो चकित झाला. "काका, इतकं चोख काम आमच्याकडे कुणी आणत नाही," तो म्हणाला. "एवढं काय लपवायचं होतं?" मुलगी बाहेर जाऊन उभी राहिली. त्याने पैसे घेतले नाहीत.

पत्नीची जुनी पाच कामे त्या कंपनीकडे आजही आहेत. मोबाईलवर ती केव्हाही ऐकता येतात, मागे तंबोरा आहे आणि उच्चार निर्दोष आहेत. तेथे श्लोक संपला की दोन सेकंदांची शांतता येते. ती मीच घातलेली आहे. त्या शांततेच्या जागी काय होते ते ऐकणारा जगात एकटा मी होतो आणि मी ते कापताना मनात जपले नाही, कारण जपण्यासारखे ते आहे असे मला वाटले नव्हते.

आता मुलगी आली की कधीतरी जेवण झाल्यावर विचारते, "काय म्हणाली होती आई? दुधाचं?" मी सांगतो. ती म्हणते, "तसं नाही, तिच्यासारखं म्हणा." मी प्रयत्न करतो. गेल्या खेपेस मी "वास येतोय" म्हणालो आणि मनात शंका आली, की ती "वास सुटलाय" म्हणाली होती. मी थांबलो. जन्मभर मी इतरांचे पाठ शुद्ध करून दिले; दोन पाठांत भेद आढळला की तिसरी प्रत शोधावी, हे शेकडो विद्यार्थ्यांना सांगितले. मुलगी माझ्याकडे पाहत वाट बघत होती. मी तिला म्हटले, "येतोय. 'वास येतोय' असंच म्हणाली."

मला खात्री नव्हती. तिने डोळे मिटून ते एकदा स्वतःशी म्हटले, आणि मी तिला तसे म्हणू दिले.